बारा आण्यांच्या मसाल्याचा हिशेब

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाजाराला तंतोतंत बसते. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये तीस-पस्तीस वर्षांची, रंग विटलेली, हुड फाटलेली दोन सीटांची गाडी एखाद्या साध्या सेकंडहँड हॅचबॅकच्या भावात मिळून जाते. खर्चाला खरी सुरुवात त्यानंतर होते. म्हणूनच अनुभवी लोक या भानगडीत पडू नका असे बजावतात आणि हौशी लोक त्यांचे ऐकत नाहीत. पुढे किती पैसे जातील हे नशिबाचे काम, असे मात्र दोघांनाही वाटते. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. जुन्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च बराचसा ती कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीच ठरलेला असतो. तिचे इंजिन कुठल्या घरगुती गाडीतून आले, तशा किती गाड्या बनल्या आणि एक भाग बदलायला आधी किती भाग उतरवावे लागतात, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याने खरेदीआधी मिळवली त्याचे बजेट सहसा कोसळत नाही. या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा पुरवणारी गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५, अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात.

माझदा हे नाव आपल्याकडे स्वराज माझदाच्या ट्रक आणि मिनीबसमुळे ओळखीचे झाले. हिरोशिमाच्या या कंपनीने हलकी, उघडी स्पोर्ट्स कार बनवावी ही कल्पना एका पत्रकाराची. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी मोटार-पत्रकार बॉब हॉल यांनी कंपनीचे अधिकारी केनिची यामामोतो यांना सुचवले की, जुन्या ब्रिटिश धाटणीची साधी, हलकी, उघडी गाडी आता कुणी बनवत नाही, ती तुम्ही बनवा. निदान सामान्यांच्या खिशाला परवडणाऱ्या गाड्यांपुरते ते खरे ठरत होते. एमजीबी ही त्या जातीची सर्वांत खपलेली गाडी १९८०मध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्याबरोबरच संपली. हॉल पुढे माझदातच दाखल झाले. तोशिहिको हिराई यांच्या देखरेखीखाली गाडी आकाराला आली आणि फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. अमेरिकेत तिची किंमत १३,८०० डॉलर होती. १.६ लिटरचे इंजिन माझदाच्या ३२३ या कौटुंबिक गाडीच्या घराण्यातले, ताकद सुमारे ११५ अश्वशक्ती, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. गुपित तंत्रज्ञान असे तिच्यात फारसे काही नव्हते. पुढे एप्रिल २०१६मध्ये या गाडीच्या सर्व पिढ्या मिळून दहा लाखाव्या गाडीने कारखाना सोडला. दोन सीटांची सर्वाधिक खपलेली स्पोर्ट्स कार म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे.

हा दहा लाखांचा आकडा कंपनीच्या अभिमानापुरता राहत नाही, गरीब हौशी माणसाची खरी पुंजी तोच आहे. जितक्या गाड्या रस्त्यावर येतात तितक्या पुढे अपघातात मोडतात, भंगारात जातात, आणि त्यांचे दरवाजे, ॲक्सल, सीट, आरसे बाजारात उतरतात. शिवाय ३२३चा वारसा असल्याने इंजिनाची ओळख नसलेला मेकॅनिक शोधावा लागतो. एका पिढीतल्या गाड्यांचे भाग एकमेकींना बसतात. १९९४च्या मॉडेलपासून १.८ लिटर इंजिनाबरोबर मोठे ब्रेक आले. ते आधीच्या १.६च्या गाडीला फारशा खटपटीशिवाय बसतात. अमेरिकेत याच गाड्यांच्या शर्यतींचा स्पेक मियाटा हा स्वतंत्र वर्ग उभा राहिला आणि त्यामुळे ब्रेक पॅडपासून रेडिएटरपर्यंत पर्यायी भाग बनवणाऱ्यांना कायमचे गिऱ्हाईक मिळाले. रचनाही मेकॅनिकच्या हाताला सोयीची. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर हा या गाडीचा गळका भाग म्हणून प्रसिद्ध आहे, पण तो गिअरबॉक्सच्या बाहेर दोन बोल्टांवर बसवलेला असतो. टायमिंग बेल्ट अचानक तुटला तर गाडी जागच्या जागी बंद पडते, पण व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटत नाहीत. नवा बेल्ट घाला, गाडी पुन्हा चालू.

आता हीच फुटपट्टी पोर्श ९४४ला लावून पाहू. १९८२ ते १९९१ या काळातली ही गाडी अभियांत्रिकीच्या दृष्टीने एमएक्स-५पेक्षा सरसच म्हणावी लागेल. वजन पुढे-मागे समतोल राहावे म्हणून तिचा गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलपाशी आहे आणि इंजिनाशी तो एका लांब नळीतून जोडलेला आहे. क्लच मात्र इंजिनाच्या टोकाला. म्हणजे झिजलेली क्लच प्लेट बदलायची तर आधी सायलेन्सरची नळी, मग गिअरबॉक्स, मग ती लांब नळी असा सगळा संसार खाली उतरवावा लागतो. तिच्या अडीच लिटर इंजिनाचा टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उघडावे लागते. ज्या मालकाने ही कामे पैशांअभावी लांबणीवर टाकली, तोच बहुधा गाडी स्वस्तात विकायला काढतो. स्वस्त पोर्शचा भाव त्या अर्थी खोटा नसतो. न झालेल्या कामांची रक्कम त्यातून आधीच वजा झालेली असते, एवढेच. माझदातही कामे राहिलेली असतात, पण ती पुरी करायला जाहिरातीतल्या किमतीइतकी रक्कम पुन्हा मोजावी लागण्याची वेळ कमी येते.

एकाच कंपनीच्या उदाहरणावर सिद्धान्त उभारला असे कुणी म्हणू नये म्हणून जुन्या पिढीकडेही पाहावे. एमजीबी पाच लाखांहून अधिक बनल्या आणि तिचे १७९८ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातले. याच घराण्याचे १४८९ सीसीचे भावंड एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होते आणि आपल्या ॲम्बॅसेडरच्या बोनेटखालीही. एमजीबीची जपणूक इतकी पुढे गेली की, गाडी बंद पडल्यावर आठ वर्षांनी, १९८८पासून, ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साच्यांवरून तिची अख्खी नवी पत्र्याची बॉडी पुन्हा काढायला सुरुवात केली. आपल्याकडचे दाखले याला दोन्ही बाजूंनी दुजोरा देतात. कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी दशकानुदशके चालवली, कारण ज्याच्याकडे तिचा भाग मिळत नाही असा मेकॅनिक शहरात नव्हता. नोंदणी असलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली तीही वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. याउलट १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेली सॅन स्टॉर्म ही देशी स्पोर्ट्स कार. फायबरची बॉडी असल्याने गंजाची भीती नाही, पण इंजिन रेनॉचे, आणि त्या काळी भारतात रेनॉच्या गाड्यांचा बाजारच नव्हता. भावंडे नसलेले इंजिन आणि मोजक्या गाड्या, एवढ्यावर कुठलाही भंगार बाजार उभा राहत नाही.

रचना अनुकूल असली तरी एक शत्रू सर्वांना समान आहे, तो म्हणजे गंज. उघड्या गाडीला छताचा आधार नसतो, त्यामुळे दारांखालून जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पेट्यांवर, म्हणजे सिलवर, बराचसा भार येतो. एमएक्स-५मध्ये हुडावर पडलेले पाणी मागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जाते. या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या की पाणी सिलमध्ये उतरते आणि पत्रा आतून सडू लागतो. मागच्या चाकापुढे रंगाला फोड दिसतो तोवर आतला पत्रा बहुधा गेलेलाच असतो. विक्रेत्याने तिथे लांबी भरून रंग मारला असेल तर चुंबक लगेच चहाडी करतो. नुसता वरचा पत्रा बदलून भागत नाही, आतला भार पेलणारा पत्राही कापावा लागतो आणि कापण्याआधी गाडीला खालून टेकू व दाराच्या चौकटीला आडवा आधार द्यावा लागतो, नाहीतर बॉडी खचते आणि दार पुन्हा नीट बसत नाही. हे काम तासांत मोजले जाते आणि तिकडच्या अनेक गॅरेजांत मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर आहे. म्हणून कमी पैशांत गाडी उभी करायची असेल तर बिघडलेल्या इंजिनाची पण धड पत्र्याची गाडी घ्यावी, चालत्या इंजिनाची पण सडक्या पत्र्याची घेऊ नये. ब्रिटनमध्ये गाडीच्या दरवर्षीच्या एमओटी तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतो. सिलबद्दल निरीक्षकाने कोणत्या वर्षी काय शेरा मारला हे तिथे वाचून ठेवणे हा या साऱ्या उद्योगातला सर्वांत स्वस्त भाग आहे.

पत्रा पास झाला की पैसे कोणत्या क्रमाने खर्चायचे हा प्रश्न उरतो. याचे चांगले उत्तर एका थट्टेखोर शर्यतीच्या नियमांत सापडते. २००६मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स’ या शर्यतीत गाडीवर पाचशे डॉलरपेक्षा जास्त खर्च करायचा नाही असा दंडक होता आणि जास्त खर्च केल्याचा संशय आला तर पंच दंडाच्या फेऱ्या लावत. पण ब्रेक, टायर आणि सुरक्षेची साधने या मर्यादेतून वगळलेली होती. कंजुषीचीच स्पर्धा भरवणाऱ्यांनीही जिथे कंजुषी चालणार नाही ती रेघ ओढून दिली. घरच्या हौशी माणसाने तीच रेघ पाळावी. अडकलेले कॅलिपर, फुगलेले ब्रेकचे पाइप आणि जुने टायर आधी बदलावेत. टायरची खाच शाबूत दिसते म्हणून फसू नये, बाजूवरचा चार आकडी कोड बनावटीचा आठवडा आणि वर्ष सांगतो. त्यानंतर कूलिंग: जुन्या रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी तपकिरी पडली की ती तडकण्याच्या बेतात आहे असे समजावे. मग टायमिंग बेल्ट, आणि त्याच वेळी त्यामागचा वॉटर पंप, कारण दोन्हींसाठी उकलाउकल तीच असते. हुड, सीट आणि रंग यांचा नंबर शेवटचा. चुकीची काटकसरही ओळखता यायला हवी. एमएक्स-५ची बॅटरी डिकीत असते. तिथे बंदिस्त प्रकारची बॅटरी न घालता साधी, ॲसिडची बॅटरी वाफेची नळी न जोडता बसवली तर ॲसिडच्या वाफा डिकीचा पत्रा खातात. बॅटरीत वाचवलेले पैसे वेल्डरकडे जातात.

सर्वांत मोठा मोह ताकद वाढवण्याचा. जुन्या १.६ला टर्बो बसवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही आणि आकडे पाहिले तर दर अश्वशक्तीमागे खर्चही कमी पडतो. पण १.६च्या गाड्यांचा मागचा डिफरन्शियल लहान आहे आणि वाढीव ताकद त्याला सोसत नाही. मग १.८चा डिफरन्शियल शोधा, त्याबरोबर त्याचे शाफ्ट घ्या, क्लच वाढवा, रेडिएटर मोठा करा. एका भागाची ताकद वाढली की साखळीतला पुढचा भाग कमजोर ठरतो आणि ज्या समतोलासाठी गाडी घेतली तोच जातो. गाडी मूळ स्थितीला आणणे हे मर्यादित रकमेचे काम आहे, तिला मुळापेक्षा वरचढ करण्याला मात्र शेवट नाही.

या सगळ्यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा. स्वतःच्या श्रमांची मजुरी धरली तर हा धंदा तोट्याचाच, तेवढ्या पैशांत नवी छोटी गाडी येईल. हिशेब म्हणून हे बरोबर आहे आणि शनिवार-रविवारचे तास शून्य किमतीला धरून ‘बचत’ दाखवणारे स्वतःची फसवणूक करतात. पण तिकडे मजुरी महाग आणि सुटे भाग स्वस्त, आपल्याकडे बहुतेकदा याच्या उलट, हा फरक ध्यानात घ्यायला हवा. स्वतःच्या हाताने काम करण्याची तिथली संस्कृती या अर्थकारणातून आली आहे. शिकलेला हात दुसऱ्या गाडीलाही उपयोगी पडतो, आणि नवी छोटी गाडी घेतल्याने कुणाला क्लच बदलता येत नाही. दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो निर्विवाद आहे. १९८९च्या रचनेची हलकी उघडी गाडी आजच्या गाडीइतकी धडक सोसणार नाही. ब्रेक आणि टायर नवे असले तरी हे बदलत नाही. अशी गाडी घरातली एकमेव गाडी असू नये, हीच त्यावरची प्रामाणिक भूमिका. तिसरा आक्षेप असा की, माझदाची पहिली पिढी आता संग्राहकांच्या हाती जाऊ लागली आहे आणि स्वस्ताई संपत आली आहे. हे घडते आहे खरे. २०१८मध्ये खुद्द माझदाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या नूतनीकरणासाठी घ्यायला सुरुवात केली. पण भाव चढले म्हणून युक्तिवाद कोसळत नाही. १९९८ ते २००५ची दुसरी पिढी तशीच साधी आहे, फक्त तिच्यात सिलबरोबर पुढच्या चॅसिसच्या दुहेरी पत्र्याचीही तपासणी करावी लागते. ती संपली तर तेच तीन प्रश्न पुढच्या गाडीला विचारावेत.

त्या प्रश्नांची उत्तरे आता अवघड होत चालली आहेत, ही खरी चिंतेची बाब आहे. आजच्या गाडीत एखादा सेन्सर किंवा कंट्रोल युनिट बदलले तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याची ओळख पटवून द्यावी लागते. असा भाग भंगारातून आणून बसवला तरी गाडी त्याला स्वीकारेलच असे नाही. पद्मिनी, एमजीबी आणि एमएक्स-५ या गाड्या केवळ त्यांच्या निर्मात्यांच्या कृपेने जगल्या नाहीत. त्यांचा पाना कुणाच्याही हातात बसत होता म्हणून त्या जगल्या. वीस वर्षांनंतर एखाद्या तरुणाला थोड्या पैशांत जुनी स्पोर्ट्स कार उभी करता येईल की नाही, हे आज डिझाइन करणारे इंजिनिअर आणि दुरुस्तीच्या हक्काचे कायदे लिहिणारी सरकारे ठरवत आहेत. तोवर खरेदीदाराच्या हातात उरते ते एवढेच की, कोंबडीचा भाव विचारण्याआधी मसाल्याचा विचारावा.