अध्यक्ष बदलतो, शाळा तीच

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि १ जुलैला क्लबचा नवा अध्यक्ष पदभार घेतो. रोटरीचं वर्ष जगभर १ जुलै ते ३० जून, लायन्सचंही तेच. त्यामुळे जयसिंगपूर, शिरोळ, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यातल्या शाळांना पावसाळा लागला की वह्यावाटपाची सवय आहे. व्हरांड्यात सतरंजी, टेबलावर शाल-श्रीफळ, मागे फ्लेक्स आणि फ्लेक्सवर रोटरीचं चोवीस दात्यांचं सोनेरी चाक. पाच-सात मुलांना प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते, बाकीच्यांना गुरुजी नंतर वर्गात वाटतात. फोटोत वहीचं एक टोक पाहुण्याच्या हातात असतं, दुसरं पोराच्या. ‘इकडं बघ बाळ’ म्हणून कॅमेरावाला ओरडतो आणि क्लिक होईपर्यंत दोघांपैकी कोणीच वही सोडत नाही.

या सोहळ्याची थट्टा करणं सोपं आहे, पण वही ही थट्टेची गोष्ट नाही. बालभारतीची पुस्तकं जिल्हा परिषदेच्या शाळेत फुकट मिळतात, वह्या विकत घ्याव्या लागतात. मध्यंतरी, २०२३-२४ पासून, पाठ्यपुस्तकातच कोरी पानं जोडण्याचा प्रयोग सरकारने करून पाहिला, पुढे तो गुंडाळला. तिघं भावंडं शाळेत असली तर वह्यांचा खर्च नेमका त्याच महिन्यात अंगावर येतो ज्या महिन्यात बी-बियाणं आणि खतं घ्यायची असतात. तेव्हा डझनभर वह्या हातात पडल्या तर आईच्या डोक्यावरचं ओझं खरंच उतरतं. प्रश्न आहे तो वहीनंतरचा. वहीत लिहिणाऱ्या पोराला वाचता येतं का, हे बघायला कोण येतं?

जयसिंगपूर हे अशा क्लबांसाठी जणू घडवलेलं गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ते वसवलं, तेही आखून-रेखून. इथल्या गल्ल्यांना नंबर आहेत आणि पत्ता सांगताना माणूस आजही सातवी गल्ली, दहावी गल्ली असंच सांगतो. व्यापारपेठ म्हणून उभं राहिलेल्या या गावात अडते, डॉक्टर, सराफ, कारखानदार, बिल्डर, प्राध्यापक असे सगळे भेटतात. पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ मध्ये शिकागोत तीन मित्रांना घेऊन रोटरी सुरू केली, ती याच हिशेबाने: गावातल्या वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं एका टेबलाशी बसावीत. मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाने १९१७ मध्ये लायन्स उभी केली, तीही त्याच शहरात. जयसिंगपूरचा रोटरी क्लब ३१७० क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टमध्ये येतो. कोल्हापूर, सांगली, गोवा, बेळगाव, धारवाड सगळे एकाच छताखाली. सीमाभागातल्या माणसाला याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. जे कुठल्याच सरकारला जमलं नाही ते शिकागोच्या नकाशाने करून टाकलं.

क्लबच्या बैठकीची रीत ठरलेली आहे. घंटा वाजते, रोटरीची चतुर्विध कसोटी म्हटली जाते, वाढदिवसांच्या शुभेच्छा होतात, मग व्याख्यान आणि जेवण. जेवणावरून सभासदांना बरंच ऐकून घ्यावं लागतं. पण जेवणापलीकडे एक यंत्रणा आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. सभासदांनी रोटरी फाउंडेशनच्या वार्षिक निधीत टाकलेल्या पैशातला जवळपास निम्मा वाटा तीन वर्षांनी डिस्ट्रिक्टकडे परत येतो आणि त्यातून क्लबांना अनुदान मिळतं. मोठं काम काढायचं तर परदेशातला एखादा क्लब जोडीला घेऊन ‘ग्लोबल ग्रँट’ मागायची. त्या प्रकल्पाचा आकार किमान ३०,००० डॉलरचा लागतो आणि अर्जाआधी गावाची गरज खरोखर काय आहे याची पाहणी करून द्यावी लागते. वहीवाटपाला पाहणी लागत नाही, हा दोन्हींतला फरक.

भारतातल्या रोटरीने शिक्षण अंगावर घेतलं ते पोलिओनंतर. पोलिओ हटवण्याचा विडा रोटरीने १९८५ मध्ये उचलला. आपल्याकडचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. मधली जवळपास तीस वर्षं क्लबांचे अध्यक्ष दरसाल बदलत होते. डोस पाजण्याचं काम मात्र एकाही वर्षी थांबलं नाही, कारण ते कुठल्या अध्यक्षाचं नव्हतंच. त्यानंतर हात मोकळे झाले, बूथवरची माणसं तयार होती, आणि ‘टीच’ नावाचा साक्षरता कार्यक्रम आला. पाच इंग्रजी अक्षरं, पाच कामं: शिक्षकांना मदत, ई-लर्निंग, प्रौढ साक्षरता, शाळाबाह्य मुलांना परत आणणं आणि ‘हॅपी स्कूल’.

यातलं ‘हॅपी स्कूल’ गावोगावी जास्त दिसतं. रंगवलेल्या भिंती, बाकं, पिण्याचं स्वच्छ पाणी, हात धुवायची जागा, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, छोटं वाचनालय, खेळाचं साहित्य अशी यादीच असते. नळ आणि संडासाचा वाचनाशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर त्याला सातवीतल्या मुलीच्या आईशी बोलायला पाठवावं. शाळेत सोय नसेल तर महिन्यातले चार दिवस मुलगी घरी आणि त्या चार दिवसांत वर्गात झालेलं गणित कायमचं राहून जातं. त्या मानाने ई-लर्निंगचा अनुभव संमिश्र. प्रोजेक्टर येतो, उद्घाटन होतं, मग बल्ब जातो, नाहीतर वीजबिल थकतं. बल्ब बदलायला पुढच्या अध्यक्षाच्या अंदाजपत्रकात रकाना नसतो.

आता पुस्तकांचं कपाट. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातला तो पहिलाच, मद्रासचा त्यानंतर तीन वर्षांनी आला. अशा मुलखात शाळेच्या पुस्तकांचं भाग्य थोर असायला हवं. पण क्लबने दिलेली शंभर-दोनशे पुस्तकं लोखंडी कपाटात जातात, त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला होते आणि तिथेच घोडं अडतं. एकदा रजिस्टरला चढलेलं पुस्तक हरवलं की जबाबदारी मुख्याध्यापकांवर. तपासणी आली, पुस्तक कमी भरलं, तर खुलासा कोण लिहिणार? म्हणून किल्ली ड्रॉवरमध्ये, ड्रॉवर कुलपात आणि पुस्तकं नव्यासारखी. यात मुख्याध्यापकांचा दोष काढणं अन्याय होईल. पुस्तकं देणाऱ्याने देतानाच ‘ही फाटण्यासाठी दिली आहेत’ असं पत्र दिलं, दर वर्षी ठरावीक टक्के पुस्तकं जीर्ण म्हणून वजा करायला लेखी मान्यता मिळवली, तर कपाट उघडं राहू शकतं. दोन कागदांचं काम आहे. देणगीच्या पावतीइतकंच सोपं, पण त्याचा फोटो निघत नाही.

पुस्तकं कुठली, हाही प्रश्न आहेच. क्लबच्या गठ्ठ्यात थोरांची चरित्रं आणि यशाची सूत्रं फार. ज्या पोराला अजून ‘आईने पाणी आणले’ अडखळत वाचावं लागतं त्याला दोनशे पानी चरित्र म्हणजे शिक्षाच. त्याला मोठा टाइप, थोडा मजकूर आणि बघत राहावीत अशी चित्रं हवीत. मराठीत अशी पुस्तकं आहेत. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं दुसरी-तिसरीतली मुलं हातातून सोडत नाहीत. ‘प्रथम बुक्स’ची स्वस्त चित्रपुस्तकंही मराठीत मिळतात.

वाचता येतं का, हे कळायला फार मोठं शास्त्र लागत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीत मुलासमोर एक कागद ठेवतात: सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल कुठे थांबतं ते लिहून घ्यायचं, बस्स. देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या मुलांपैकी ५०.५ टक्के मुलं २०१८ मध्ये ती दुसरीची गोष्ट वाचू शकली होती. कोविडनंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आलं. कोल्हापूर जिल्ह्याची साक्षरता २०११ च्या जनगणनेत ८० टक्क्यांच्या वर आहे, म्हणून आपल्याकडे निवांत बसायचं कारण नाही. जनगणनेत घरातला माणूस सांगेल ते लिहून घेतात, कुणी कागद वाचून दाखवायला सांगत नाही. असा कागद घेऊन क्लबचे आठ-दहा सभासद एका शनिवारी सकाळी एका शाळेत बसले, तर त्यांना वर्षभर काय करायचं ते दुपारच्या आत कळेल.

कधीकधी अडचण अक्षरात नसून डोळ्यांत असते. मागच्या बाकावरचा मुलगा शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो आणि सगळे त्याला आळशी म्हणतात. फळ्यावरचं दिसत नाही हे त्याने कधी सांगितलेलंच नसतं, कारण इतरांना दिसतं हे त्याला माहीत नसतं. इथे लायन्सची परंपरा कामी येते. हेलन केलर यांनी १९२५ मध्ये लायन्सच्या अधिवेशनात दृष्टिहीनांसाठी काम करण्याचं आवाहन केलं आणि तेव्हापासून डोळ्यांचं काम त्यांनी सोडलेलं नाही. शाळेतली नेत्रतपासणी आणि पाठोपाठ चष्मा हा वाचनावर होणारा सगळ्यात स्वस्त खर्च असावा. अट एकच, चष्मा तपासणीनंतर सहा महिन्यांनी येऊ नये.

या भागाला लोकवर्गणीतून शिक्षण ही कल्पना परकी नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाला हाताशी धरून वसतिगृहं उभी केली, म्हणून कोल्हापूरकराच्या तोंडी ‘बोर्डिंग’ हा शब्द इतका घरगुती आहे. पुढे १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्यातल्याच एका बोर्डिंगात, जैन बोर्डिंगात, जयसिंगपूरपासून जवळच्या कुंभोजचा एक मुलगा राहिला. भाऊराव पाटील त्याचं नाव. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी मुष्टिफंड चालवला. घरची बाई दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायची. आजच्या क्लबने यातून उचलावं ते हेच, की ती मूठ रोज निघायची.

रोज नाही, तर निदान आठवड्याला. बारा ते अठरा वयाच्या मुलांचे ‘इंटरॅक्ट’ क्लब रोटरीने १९६२ पासून चालवले आहेत. हायस्कूलमधल्या अशा वीस मुलांनी दर शनिवारी शेजारच्या प्राथमिक शाळेत जाऊन दोघा-दोघांना गोष्ट वाचून दाखवली, तर खर्च शून्य. निवृत्त शिक्षिका तर प्रत्येक गल्लीत आहेत आणि त्यांना हस्ते-बिस्ते काही नको असतं, वेळेवर उघडणारा वर्ग हवा असतो.

आणि इथल्या मातीची दोन संकटं कुठल्याही राष्ट्रीय कार्यक्रमाच्या यादीत नाहीत. पहिलं पाणी. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम, त्यामुळे २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत शिरोळ तालुक्यातली गावं बुडाली. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी येतं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला वाटलेली वही बरोबर त्याच्या तोंडी सापडते. भिजलेली पुस्तकं उन्हात वाळवली तरी पानं चिकटतात, शाई पसरते. क्लबने निम्मा साठा सप्टेंबरसाठी राखून ठेवावा, एवढं साधं शहाणपण पुरे आहे. योगायोगाने सप्टेंबर हाच रोटरीच्या दिनदर्शिकेत साक्षरतेचा महिना.

दुसरं संकट उसाबरोबर येतं. जयसिंगपूरच्या मैदानावर ऊस परिषद होते, पहिल्या उचलीची मागणी गाजते, कारखान्यांचे भोंगे वाजतात आणि बीडसह मराठवाड्याकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे ते फडात गेले की कोपीपाशी आठ वर्षांची ताई धाकट्याला सांभाळत बसते, किंवा वाढ्याच्या मोळ्या बांधते. तिचं नाव गावाकडच्या शाळेच्या पटावर असतं, ती इथे असते. शिक्षण हमी कार्ड तिच्यासाठीच आहे. ते दाखवून स्थलांतरित मुलाला इथल्या शाळेत बसता यावं ही कल्पना. पण कार्ड गावाकडून आणायला आणि इथे दाखवायला कुणीतरी मोठं माणूस लागतं, आणि मोठी माणसं फडात असतात. कोल्हापुरात ‘अवनि’सारखी संस्था वीटभट्टी आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काम करते आहे. पण एकटी संस्था मजुरांच्या सगळ्या तळांना पुरी पडत नाही.

एका वर्षाच्या अध्यक्षालाही पुरं करता येईल असं काम म्हणाल तर हेच. टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात आणि मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे अख्खा हंगाम त्याच्या कारकिर्दीत मावतो. येताना तळावर जाऊन मुलांची यादी करायची, गावाकडच्या मुख्याध्यापकांना फोन लावायचा, जवळच्या शाळेत नावं बसवायची, ने-आण करायला एक रिक्षा लावायची आणि धाकट्या भावंडांसाठी तळावरच एक बाई नेमायची. परत जाताना कोण कुठपर्यंत वाचू लागलं ते कार्डावर लिहून द्यायचं. रिक्षावाला, बाई आणि फोन करणारा सभासद ही तीन माणसं ऑक्टोबर उजाडण्याआधी ठरली पाहिजेत, कारण मुकादम टोळी घेऊन आल्यावर ठरवायला वेळ उरत नाही.