पायांतील पेटके व मॅग्नेशियम

सातपूर-गंगापूर भागांतील द्राक्षबागाईतदारांस मॅग्नेशियमची उणीव वेलीवर ओळखतां येते: जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. मनुष्यदेहांत ती इतकी सहज दिसत नाहीं.

आकुंचित स्नायु सैल होण्यास हें द्रव्य लागतें. तें फार घटल्यास रक्तांतील कॅल्शियम व पोटॅशियमहि उतरतात. हात कांपतात, पोटऱ्यांत पेटके येतात. दीर्घकाळचे जुलाब, अतिमद्यपान, मधुमेह व लघवी वाढविणारीं औषधें हीं त्याचीं प्रमुख कारणें होत.

परंतु प्रत्येक पेटका या उणिवेचा नसतो. उतारवयांतील साध्या पेटक्यांवर मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा विशेष उपयोग होत नाहीं, असें प्रयोगांतीं दिसलें आहे. पेटका येतांच गुडघा सरळ ठेवून चवडा आपल्याकडे ओढावा. आहारांत बाजरी, नाचणी, तीळ, हरभरा व पालेभाज्या असाव्या. १०० ग्रॅम बाजरींत सुमारें १२५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतें. प्रौढ पुरुषाची रोजची गरज ४०० मिलिग्रॅमच्या आसपास आहे.

बागेसाठीं आणलेलें मॅग्नेशियम सल्फेट मात्र कदापि पोटांत घेऊं नये. मूत्रपिंड दुबळें असल्यास जादा मॅग्नेशियम देहांत सांचून श्वास व हृदयाची गति मंदावते. पेटके वारंवार येत असल्यास डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावें, हेंच श्रेयस्कर.