हिरवे गोंदण आणि हिरवा दिवा

तमिळ भाषेत गोंदण्याला 'पच्चै कुत्तुदल' म्हणतात. पच्चै म्हणजे हिरवे आणि कुत्तुदल म्हणजे टोचणे. तंजावरच्या आसपास, कावेरीच्या खोऱ्यातील खेड्यांत, वयोवृद्ध स्त्रियांच्या हातांवर हे हिरवे टोचलेले काम अद्याप पाहावयास मिळते. पुष्कळदा ती नक्षी म्हणजे कोलमच असते; उंबऱ्यापुढे सकाळी जी ठिपक्यांची रांगोळी काढतात, तीच कोपरापासून मनगटापर्यंत कायमची उतरलेली. महाराष्ट्रातील श्रोत्यांना आपल्याकडील तुळशीवृंदावन आणि कपाळावरचा ठिपका यांची आठवण होईल. काम तेच, हात निराळे.

हे काम तमिळ मुलुखात कोरव जातीच्या स्त्रिया करीत. गावोगाव हिंडावे, हात पाहून भविष्य सांगावे आणि सुईने गोंदावे हा त्यांचा व्यवसाय. तंजावरच्या मराठी वाङ्मयातही ही कोरवंजी येऊन गेली आहे. 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी 'देवेंद्र कोरवंजी' नावाचे मराठी नाटक रचले आणि तिच्या तोंडी चक्क पृथ्वीचा भूगोल घातला. भविष्य सांगणाऱ्या बाईकडून खंडे, देश आणि समुद्र वदवून घेण्याची ही कल्पना मला फार मौजेची वाटते. पण तो विषय वेगळा. आज आपल्याला तिच्या शाईशी कर्तव्य आहे.

त्या शाईची कृती मद्रासच्या सरकारी वस्तुसंग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांनी 1906 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या दक्षिण भारतविषयक ग्रंथात नोंदविली आहे. हळद आणि हादग्याचा पाला एकत्र वाटावयाचा, तो पातळ फडक्यावर पसरून त्याची वात वळावयाची आणि एरंडेलाच्या दिव्यात ती पेटवावयाची. दिव्यावर कोरे मडके पालथे घालावयाचे. मडक्याच्या आतल्या अंगास जी काजळी धरते ती खरवडून दुधात किंवा पाण्यात कालवली, की शाई तयार. पाला हिरवा असला आणि हळद पिवळी असली, तरी जळून जे उरते ते शेवटी काजळच, म्हणजे शुद्ध काळा कर्ब!

मग गोंदण हिरवे का दिसते? सुईने हे काजळ कातडीच्या वरच्या थरापलीकडे, खालच्या जिवंत थरात जाऊन बसते. बाहेरून आलेल्या प्रकाशातील तांबडे किरण खोलवर पोहोचतात आणि त्या काजळात विरून जातात. निळसर किरण मात्र वरच्यावर विखुरले जाऊन आपल्या डोळ्यांकडे परततात. म्हणून काळी शाई निळसर, हिरवट भासते. तमिळ माणसाने तिला पच्चै म्हटले ते डोळ्यांना दिसले तसे म्हटले. शाई मात्र काळीच राहिली. ती आयुष्यभर टिकते याचे कारणही कळून आले आहे. शरीरातील भक्षक पेशी शाईचे कण गिळतात, पण त्यांना ते पचविता येत नाहीत. 2018 साली फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले, की अशी एखादी पेशी मेली तर तिने सोडलेले कण नव्या पेशी पुन्हा गिळतात. घरातील एक वारला की त्याची जबाबदारी दुसऱ्याने उचलावी, तसाच हा प्रकार.

आता दुसऱ्या हिरव्याकडे वळू. अलीकडे मनगटी घड्याळ केवळ वेळ सांगून थांबत नाही. ते नाडीही मोजते. असे घड्याळ काढून त्याची पाठ पाहिली, तर बारीक हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्तातील रक्तारुण, म्हणजे हिमोग्लोबिन, हा हिरवा प्रकाश उत्तम शोषून घेतो. हृदयाचा ठोका पडला की कातडीतील बारीक रक्तवाहिन्या क्षणभर अधिक भरतात आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. ठोका ओसरला की पुन्हा वाढतो. घड्याळ ही भरती-ओहोटी मोजते. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत आल्रिक हर्ट्झमन या शरीरशास्त्रज्ञाने 1937 च्या सुमारास प्रकाशाने नाडी टिपण्याचे हे तत्त्व मांडले होते. तांबडा प्रकाश अधिक खोल जातो हे खरे. पण तो हाताच्या हालचालीचा गोंधळही बरोबर घेऊन येतो. हिरवा उथळ राहतो आणि म्हणून चालत्या-बोलत्या माणसाच्या मनगटाला तोच सोयीचा ठरतो.

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ठोक्याबरोबर होणारा प्रकाशातील फरक अतिशय लहान असतो. परतलेल्या एकूण प्रकाशाचा तो एखाददुसरा हिस्साच, शंभरांत एक-दोन म्हणा. बाजारात उभे राहून कुजबुज ऐकण्याचा हा उद्योग आहे. आता या हिरव्या दिव्याच्या आणि रक्ताच्या मध्ये काजळाचा पडदा आला तर काय होईल? प्रकाश जातानाही अडेल आणि परततानाही अडेल. काजळ ठोक्याबरोबर कमीजास्त होत नाही. ते सदासर्वकाळ सारखेच गिळत बसते. कुजबुज राहिली बाजूला, बाजारच शांत झाला!

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. एप्रिल 2015 मध्ये अ‍ॅपल कंपनीचे घड्याळ बाजारात आले आणि थोड्याच दिवसांत हातभर गोंदवून घेतलेल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या. घड्याळ हातात असूनही ते हातात नाही असे त्यास वाटे आणि ते आपोआप कुलूपबंद होई. नाडीचे आकडेही धड येत ना. गोंदणाची शाई, नक्षी आणि दाटपणा यांमुळे प्रकाश अडू शकतो, हे कंपनीने आपल्या सूचनांतच नमूद केले. ही गोष्ट एका कंपनीची नव्हे. हिरव्या दिव्यावर चालणाऱ्या प्रत्येक उपकरणाला ती थोडीबहुत लागू पडते.

येथे नक्षी हा शब्द महत्त्वाचा आहे. आजकालच्या तरुणांत मनगट गर्द काळ्या रंगाने भरून टाकण्याची जी हौस आहे, तिच्यापुढे आजीबाईंचे कोलम फार सोशीक म्हटले पाहिजे. रेघ बारीक, मधे मधे मोकळी कातडी, आणि वर्षानुवर्षे फिकटत गेलेली शाई. दिवा नेमका मोकळ्या जागेवर आला तर काम निभावते. अडचण एवढीच, की दिवा कोठे पडतो हे घालणारीस ठाऊक नसते. सकाळी घड्याळ दोन रेघांच्या मधे असते, दुपारी भांडी घासताना ते गाठीवर सरकते, आणि एकाच हाताचे दोन निराळे आकडे मिळतात.

मला भय वाटते ते घड्याळ मुके होण्याचे नाही. मुके यंत्र प्रामाणिक असते. आपल्याला कळत नाही, एवढे तरी ते कबूल करते. भय आहे ते अर्धवट कळून आकडा सांगणाऱ्या यंत्राचे. प्रकाश क्षीण झाला की यंत्र मिळेल तो संकेत फुगवून पाहते, आणि मग हाताच्या हालचालीचा ताल त्याला हृदयाचा ताल वाटू शकतो. मुलगा चेन्नईस किंवा बंगळुरास नोकरीला, आई खेड्यात एकटी; तिच्या काळजीपोटी त्याने घड्याळ पाठवावे आणि दूर बसून आकडे पाहावेत, हे चित्र आज दुर्मीळ राहिलेले नाही. अशा वेळी खोट्या मोठ्या आकड्याने घर हवालदिल होते. खोट्या साध्या आकड्याने घर स्वस्थ झोपते; हे अधिक वाईट.

प्रकाशाने शरीर वाचू पाहणाऱ्या यंत्रांचे हे दुबळेपण गोंदणापुरतेच नाही. 2020 साली अमेरिकेत मिशिगन येथील वैद्यांनी बोटाला लावावयाच्या प्राणवायुमापकाचे आकडे प्रत्यक्ष रक्त तपासून पडताळले. मापक 92 ते 96 टक्के दाखवीत असताना खरे प्रमाण 88 च्या खाली असण्याचे प्रसंग गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के निघाले, तर कृष्णवर्णीयांत 11.7 टक्के. साथीच्या त्या दिवसांत हेच उपकरण आपल्याकडे घरोघरी पोहोचले होते. आपण सावळी माणसे. यंत्र विकत घेताना ते कोणाच्या कातडीवर पारखले आहे, हे विचारण्याचा आपल्याला पुरा अधिकार आहे.

मग उपाय? पहिला उपाय इतका साधा आहे की तो सुचत नाही: घड्याळ दुसऱ्या हातात बांधावे, किंवा दोन बोटे वर सरकवून मोकळ्या कातडीवर घट्ट बसवावे. मेंदी लावली असेल तर चिंता थोड्या दिवसांची. मेंदी वरच्या मृत थरापुरती रंगते आणि कातडीबरोबर झडून जाते. दोन्ही हात गोंदलेले असतील, तर प्रकाशाचा नादच सोडून विजेकडे वळावे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर विजेच्या सूक्ष्म लहरी उत्पन्न होतात. हॉलंडच्या विलेम आइंटहोव्हेन यांना त्या टिपण्याच्या यंत्राबद्दल 1924 चे नोबेल पारितोषिक मिळाले. छातीस बांधावयाचा पट्टा याच लहरी वाचतो. 2018 पासून काही मनगटी घड्याळांतही दुसऱ्या हाताचे बोट टेकवून हृदयाचा विद्युत्-आलेख काढण्याची सोय झाली आहे. विजेला काजळाचा अडसर होत नाही.

आणि सर्वांत जुना उपाय तर आपल्या हातचाच आहे. मनगटावर अंगठ्याच्या बाजूस तीन बोटे ठेवून वैद्य नाडी पाहत. तंजावरच्या दरबारी वैद्यांनीही असेच केले असेल. बोटांना शाई आड येत नाही. ठोके अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावेत. ताल चुकत आहे असे वाटले तर पुरा मिनिट मोजावेत. घड्याळ नवे घेतले की पहिल्या आठवड्यात रोज एकदा त्याचा आकडा बोटांच्या आकड्याशी ताडून पाहावा, एकदा स्वस्थ बसून आणि एकदा कामाच्या धामधुमीत.

जाता जाता एक सावधगिरी. घड्याळ वारंवार कुलूपबंद होते म्हणून मनगट ओळखण्याची त्यातील सोय बंद करावी, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. त्याने कुलूप पडावयाचे थांबते हे खरे. परंतु गोंदणाखालची नाडी त्यामुळे दिसू लागत नाही. उलट काही घड्याळांत हृदयाविषयीच्या आपोआप मिळणाऱ्या सूचनाही त्याबरोबर बंद होतात, आणि ज्या कामासाठी घड्याळ घेतले तेच राहून जाते. दूरच्या वैद्याला आकडे कळवावयाचे असतील, तर घड्याळ कोणत्या हातात आहे आणि त्याखाली गोंदण आहे काय, हेही त्यास अवश्य सांगावे.