पहिले गिऱ्हाईक शासन

प्रादेशिक नवोपक्रम धोरण म्हणजे एखाद्या प्रदेशाने आपली बलस्थाने ओळखून नव्या कल्पनांना पैसा आणि बाजार मिळवून देण्यासाठी आखलेली दिशा. २०१४ ते २०२० या काळात युरोपीय संघाने संशोधनासाठीचा विकासनिधी देताना प्रदेशाने आपली बलस्थाने आधी निवडण्याची अट घातली आणि ही निवड उद्योजक व विद्यापीठे यांच्याशी झालेल्या चर्चेतून व्हावी, अशी अपेक्षा ठेवली. महाराष्ट्राने २०१८ साली नाविन्यपूर्ण स्टार्टअप धोरण स्वीकारले आणि त्याची अंमलबजावणी कौशल्य विकास विभागाच्या अखत्यारीतील महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीकडे सोपवली. तिच्या ‘स्टार्टअप सप्ताहा’त निवडलेल्या नवउद्योगांना आपले उत्पादन शासकीय विभागांत प्रत्यक्ष वापरून दाखवण्यासाठी कार्यादेश, म्हणजे कामाची लेखी मागणी, दिले जातात; सुरुवातीच्या वर्षांत ते १५ लाख रुपयांपर्यंतचे होते. निव्वळ अनुदानापेक्षा ही पद्धत निश्चितच मोलाची आहे, कारण अनुभव आणि उलाढाल यांच्या अटी असलेल्या सरकारी निविदेत नवख्या उद्योगाला एरवी शिरकाव मिळणे कठीण असते, आणि पहिले गिऱ्हाईक मिळवणे हेच त्याला सर्वांत अवघड जाते. मात्र मुंबईतील फणसवाडीसारख्या दाट वस्तीतील कारागिराची आणि गडचिरोलीत वनोपजावर प्रक्रिया करणाऱ्याची गरज एक नसते, म्हणून युरोपातील प्रदेशनिहाय निवड इथे जिल्हापातळीवर उतरणे अगत्याचे आहे.