दुखण्याचा भाव कुठे ठरतो?

कळमना मार्केटच्या मिरची आवारात पाऊल टाकलं की आधी ठसका लागतो, मग डोळ्यांतून पाणी येतं. भाव वगैरे त्यानंतर. लाल मिरचीच्या हंगामात इथे भिवापूरकडचा माल येतो, परराज्यांतलाही येतो, आणि त्या लालभडक राशींच्या मधून हमाल नाकातोंडाला दुपट्टा बांधून पोती वाहत असतात. डोळ्यांत आग आणि पाठीवर ओझं. दुखणं कसं लागतं आणि कसं शमतं हे समजून घ्यायला नागपुरात याहून चांगली जागा सापडणार नाही.

सुरुवात मिरचीपासूनच करू. तिखट ही चव आहे असं आपण म्हणतो खरं, पण ती चव नव्हेच. ती वेदना आहे. आणि गंमत अशी की मिरची जरासुद्धा गरम नसते. आपल्या चेतातंतूंच्या टोकांवर एक सूक्ष्म दार असतं. साधारण 43 अंश सेल्सियसच्या वरची उष्णता लागली की ते उघडतं आणि ‘भाजलं!’ अशी वर्दी मेंदूकडे निघते. मिरचीतलं कॅप्सेसिन हेच दार चोरकिल्लीने उघडतं. आग नसताना आगीची खबर! डेव्हिड ज्युलियस यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये हे दार शोधून काढलं, तेही मिरचीच्याच मदतीने. दाब आणि स्पर्श ओळखणारी दारं अर्डेम पटापुटियन यांनी शोधली. 2021चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. पक्ष्यांच्या अंगात उष्णतेचं हे दार असतं, पण त्याला मिरचीची किल्ली लागत नाही. म्हणून पोपट हिरवी मिरची पेरूसारखी खातो आणि आपण पाणी शोधत धावतो.

आता पुढचं आश्चर्य. हेच कॅप्सेसिन दुखण्यावरचं औषध आहे. गुडघेदुखीच्या काही मलमांत ते असतं. नागीण होऊन गेल्यावर महिनोन् महिने मागे राहणाऱ्या जळजळीवर 8 टक्के कॅप्सेसिनची पट्टी डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली लावतात. आधी आग होते, पण सारखी खोटी वर्दी देऊन देऊन तंतूंची टोकं थकतात, गप्प बसतात आणि दुखणं उतरतं. काट्याने काटा काढतात, ही म्हण इथे अक्षरशः खरी ठरते.

म्हणजे दुखणं जखमेतून निघून तसंच्या तसं मेंदूत पोचत नाही. शेतकरी गाडी भरून कळमन्यात आणतो. माल त्याचा, पण भाव शेतात ठरत नाही. फाटकावर गाडी थांबते, आत अडते असतात, माल पाहिला जातो, बोली लागते, तेव्हा कुठे आकडा निघतो. आवक जास्त असेल तर चांगला मालही पडतो. शरीरातही असंच चालतं. हाड, स्नायू, कातडी फक्त माल पाठवतात. किती दुखायचं हा भाव पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आणि मेंदूत ठरतो. आणि जिथे भाव ठरतो, तिथे घासाघीस होऊ शकते.

सगळ्यात जुनी घासाघीस म्हणजे चोळणं. कोपर दाराच्या कडेला आपटलं की दुसरा हात तिथे आपोआप जातो. हे कुणी शिकवावं लागत नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी 1965 मध्ये त्याचं स्पष्टीकरण मांडलं. स्पर्शाची खबर नेणारे तंतू जाड आणि वेगवान असतात, सेकंदाला 50 मीटरच्या आसपास. बोथट, रेंगाळणाऱ्या दुखण्याची खबर नेणारे तंतू बारीक असतात आणि सेकंदाला जेमतेम मीटरभर सरकतात. अंगठा ठेचकाळल्यावर क्षणभर ‘आता दुखणार’ एवढंच कळतं आणि खरी कळ नंतर येते, ती या मंद गाडीमुळे. दोन्ही खबरा मज्जारज्जूतल्या एकाच फाटकावर येतात. चोळल्याने स्पर्शाच्या वेगवान गाड्यांची तिथे गर्दी होते आणि दुखण्याची बैलगाडी बाहेर ताटकळते. या कल्पनेच्या तपशिलात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण फाटक असतं ही मूळ गोष्ट टिकली. आईची फुंकर, आजीचं तेल लावून चोळणं आणि हमालाच्या पाठीत सोबत्याने रोवलेला अंगठा ही सगळी याच फाटकावरची माणसं.

दुसरा अडत्या आणखी आत बसलेला आहे. 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत अफूसारखं काम करणारं द्रव्य सापडलं. म्हणजे वेदनेवरचा उतारा शरीर स्वतःच बनवतं. दुकान आतच आहे, प्रश्न फक्त कुलूप कशाने उघडायचं एवढाच.

इथे सुई येते. आणि सुईच्या गोष्टीत नागपूरही येतं.

जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. 1 सप्टेंबर 1938 रोजी ते मुंबईहून निघालं. त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. ते 1942 मध्ये तिथेच वारले आणि व्ही. शांतारामांनी 1946 मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकरही होते, हे खुद्द नागपुरात कितीजणांना ठाऊक असेल? तिसरे होते कलकत्त्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू. 1950च्या दशकाच्या अखेरीस बसू पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या त्यांनी भारतात रुजवली. कोटणीस स्वतः शल्यचिकित्सक. तरी आज लुधियान्यातलं एक अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय त्यांच्या नावाने उभं आहे. मैत्रीचा धागा कुठून कुठे जातो पाहा.

अ‍ॅक्युपंक्चरची सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव आणि केसाहून थोडीच जाड असते. परंपरा म्हणते, शरीरात ‘ची’ नावाची ऊर्जा ठरावीक मार्गांनी वाहते आणि सुई तिचा अडथळा काढते. शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली हे मार्ग काही सापडलेले नाहीत. पण सुई टोचल्यावर काहीच घडत नाही, असंही नाही. 1977च्या एका प्रयोगात सुईने दाताची वेदना कमी झाली आणि अफूचा परिणाम मोडणारं औषध देताच तो आराम नाहीसा झाला. म्हणजे आतलं दुकान उघडलं होतं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या संशोधकांनी उंदरांच्या गुडघ्याजवळ सुई टोचून अर्धा तास अधूनमधून फिरवली. आसपासच्या पेशींतून अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य भराभर वाढलं आणि सुजलेल्या पंजाचं दुखणं घटलं.

मग सुई नेमकी कुठे टोचायची याला किती महत्त्व? जर्मनीत 2007 मध्ये जुनाट कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला परंपरेने सांगितलेल्या बिंदूंवर सुया दिल्या. दुसऱ्या गटाला भलत्याच जागी, वरवर टोचल्या. तिसऱ्याला नेहमीची औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी आराम पडलेले रुग्ण पहिल्या गटात 47.6 टक्के, दुसऱ्यात 44.2 टक्के आणि तिसऱ्यात 27.4 टक्के. अ‍ॅक्युपंक्चरच्या भक्ताला यात धक्का आहे, कारण ‘चुकीच्या’ जागाही जवळपास तेवढ्याच चालल्या. आणि नाक मुरडणाऱ्यालाही धक्का आहे, कारण दोन्ही प्रकारच्या सुया नेहमीच्या उपचारांच्या पुढे गेल्या.

यातून बिंदूंपेक्षा आपल्याबद्दलच जास्त कळतं. 1978 मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून नुसतंच द्रावण दिलं होतं. ज्यांना त्याने बरं वाटलं, त्यांचं दुखणं अफूविरोधी औषध देताच परत वाढलं. आराम मिळणार या भरवशानेच मेंदूने आतलं कुलूप काढलं होतं! आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला शोधून त्याचा पाय कमरेला लावून घेतात. पायात जादू नसते. पण भरवसा असतो, स्पर्श असतो, आणि बहुतेक उसण काही दिवसांत आपली आपण उतरते. या तिघांची बेरीज कमी नाही. फक्त लाथ मात्र घालून घेऊ नका.

मग रोजच्या आयुष्यात काय करावं? जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात व्यायाम आहे, दुखणं समजून घेणं आहे, मालिश आहे आणि अ‍ॅक्युपंक्चरसारख्या सुयाही आहेत. जे नेहमीसाठी वापरू नये म्हणून सांगितलंय, त्यात आपला लाडका कमरेचा पट्टा आहे. म्हणजे जखडून ठेवण्यापेक्षा हलत राहणं बरं. घरी शेक घ्या, हलक्या हाताने चोळा, थोडं चाला. तेल तिळाचं की मोहरीचं यावर भांडू नका, काम हाताचं आहे. मळमळत असेल तर मनगटाच्या रेघेपासून कोपराच्या दिशेने तीन बोटं, आतल्या बाजूला दोन कंडरांच्या मध्ये अंगठ्याने दाबून पाहा. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या बिंदूचा उपयोग अनेक प्रयोगांत दिसला आहे. एसटीच्या घाटात करून पाहायला पैसे पडत नाहीत.

सुया घ्यायच्या तर पाकीट आपल्यासमोर फोडलेल्या, एकदाच वापरायच्या हव्यात. नाहीतर काविळीसारखे आजार रक्तातून लागू शकतात. छातीवर किंवा पाठीच्या वरच्या भागात सुई जास्त खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, म्हणून शिकलेला हातच हवा. महाराष्ट्राने 2015च्या कायद्याने या उपचारासाठी स्वतंत्र परिषद आणि नोंदणी आणली आहे. नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. आणि कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला, ताप आला किंवा वजन घटू लागलं, तर चोळत बसू नका, दवाखाना गाठा. छातीत दुखून डाव्या हाताकडे कळ गेली तर कुठलाही बिंदू दाबायचा नाही, थेट रुग्णालयात जायचं.

शेवटी पुन्हा कळमन्यात येऊ. संध्याकाळी पोतं उतरवून बसलेल्या हमालाच्या पाठीत त्याचा सोबती अंगठा रोवतो, तेव्हा 1965चं फाटक, 1975चं दुकान आणि 1978चा भरवसा एकाच वेळी कामाला लागतात. दुखण्याचा भाव थोडा उतरतो. पण उद्या सकाळी तेच पोतं त्याच पाठीवर चढणार असतं. भावात घासाघीस होते, वजनात होत नाही. म्हणून हमालाच्या पाठीवरचा पहिला उपचार हलकं पोतं आणि चाकाची गाडी हाच. सुई, तेल आणि अंगठा त्यानंतर.