प्राध्यापकाने शिकवायला कुठे शिकायचे?

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी डी.एड. केले होते, हायस्कूलच्या सरांकडे बी.एड. होते. १९८८ साली मी सांगलीकडच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.ला गेलो. तिथले पदार्थविज्ञानाचे सर विषयात तयार होते, याबद्दल शंका नाही. पण ते फळ्याकडे तोंड करून तास सुरू करत आणि घंटा झाली की खडू ठेवून निघून जात. मराठी माध्यमातून आलेले आम्ही सत्तर जण फळ्यावरचे इंग्रजी वहीत उतरवायचो. दुसऱ्या वर्षी मी कॉलेज सोडले. पुढे जे काही शिकलो ते नगर वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात. त्या सरांवरचा राग जायला बरीच वर्षे लागली. त्यांना शिकवायला कोणी शिकवलेच नव्हते आणि ते शिकले पाहिजे असा नियमही नव्हता, हे कळल्यावर तो गेला.

तसा नियम आजही नाही. महाविद्यालयात नोकरीसाठी पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनाविषयी प्रश्न असतात खरे, पण ते पर्याय निवडायचे. पोहण्याची परीक्षा काठावर बसून लेखी द्यावी, तसा हा प्रकार.

हा प्रश्न मी गेली काही वर्षे सातारा-सांगली पट्ट्यात धुंडाळतो आहे, कारण शिक्षक घडवण्याचे काम या पट्ट्याला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९३५ मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. त्या वर्षीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवावरून त्याला 'सिल्व्हर ज्युबिली' हे नाव होते. पुढे ते महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. नंतर खेडोपाडी व्हॉलंटरी शाळा उघडायच्या तर मास्तर आणायचे कुठून, या प्रश्नाचे उत्तर संस्थेने आधीच तयार करून ठेवले होते. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि १९५५ मध्ये हायस्कूलच्या शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन. म्हणजे एकाच गावात, एकाच संस्थेत, पहिलीच्या मास्तरासाठी प्रशिक्षण, दहावीच्या मास्तरासाठी प्रशिक्षण आणि बी.ए.च्या प्राध्यापकासाठी काही नाही. यात रयतचा दोष नाही. सांगलीचे विलिंग्डन कॉलेजही १९१९चेच. तिथेही, मुंबईतही, ऑक्सफर्डमध्येही समज हाच होता, की ज्याला विषय येतो त्याला शिकवता येते.

हा समज सरकारी पातळीवर मोडण्यात आपल्या भागातल्या माणसाचा हात होता, हे फारसे सांगितले जात नाही. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आजऱ्याकडचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले. आयोगाच्या १९६६च्या अहवालात नव्या प्राध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग असावेत आणि मोठ्या विद्यापीठांनी त्यासाठी कायमची 'स्टाफ कॉलेजे' काढावीत, असे सुचवले होते. अंमलबजावणीला वीस वर्षे गेली. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उघडली. पुढे त्यांचे नाव मनुष्यबळ विकास केंद्र झाले आणि २०२३ पासून मालवीय मिशन. पाट्या बदलल्या, ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर हे शब्द मात्र स्टाफरूममध्ये टिकून आहेत.

या वर्गांना जाऊन आलेल्या बऱ्याच प्राध्यापकांशी मी बोललो. व्याख्याने चांगली होती, जेवण बरे होते, मैत्री झाली, असे सगळे सांगतात. परत आल्यावर वर्गात काय बदलले, असे विचारले की थांबतात. कारण सरळ आहे. तीन आठवडे बसून ऐकायचे, आणि ऐकायचे काय, तर नुसते ऐकून विद्यार्थी शिकत नाहीत हे! त्यातून हे वर्ग बढतीच्या नियमांना बांधलेले. माणूस प्रमाणपत्रासाठी जातो आणि प्रमाणपत्र घेऊन येतो. टाळेबंदीच्या काळात तर ऑनलाइन कार्यशाळांच्या प्रमाणपत्रांचा पाऊस पडला. एका स्नेह्याने त्यांची फाईल मला अभिमानाने आणि थोडी हसत दाखवली.

बी.एड.वाल्यांकडे याहून साधी गोष्ट आहे: सूक्ष्म अध्यापन. १९६०च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्डला ही पद्धत निघाली. पाच-सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा, तोही एकच कौशल्य धरून, उदाहरणार्थ प्रश्न विचारणे. सहकारी बघतात, टिपणे सांगतात, आणि मग तोच पाठ पुन्हा घ्यायचा. पुन्हा घेणे हा यातला खरा भाग. आपल्या वर्गात दुसरा प्राध्यापक मागच्या बाकावर येऊन बसला आहे, ही कल्पनाच आपल्या महाविद्यालयांत अपमानाची वाटते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना तिची सवय आहे. त्यांची केंद्रपातळीवर शिक्षण परिषद भरते, तिथे एखाद्याचा पाठ इतर बघतात. ती रटाळ असते अशी कुरकूर असते, पण दार तरी उघडे असते.

मला सुखद धक्का बसला तो साखराळ्यात. वाळवा तालुक्यातले हे गाव साखर कारखान्यामुळे माहीत असते. तिथल्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधून 'जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स' हे इंग्रजी त्रैमासिक निघते. विषय यंत्रे किंवा पूल नव्हे, तर अभियांत्रिकी शिकवायची कशी हा. देशभरातले प्राध्यापक आपल्या वर्गात काय करून पाहिले आणि त्यातून काय निघाले ते लिहितात. सगळे लेख सारख्या वजनाचे नसतात; काहींना संशोधन म्हणायला जड जाते. पण आपल्याच वर्गाकडे प्रयोग म्हणून बघायचे, ही नजर उसाच्या रानात रुजली आहे, याचे मला अप्रूप वाटते.

अशा वाचनातच मला हार्वर्डचे एरिक माझूर भेटले. विद्यार्थ्यांचे पसंतीचे हे प्राध्यापक. आपली मुले अवघड गणिते सोडवतात, पण बलाबद्दलच्या साध्या प्रश्नावर अडखळतात, हे १९९०च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून एक प्रश्न टाकायला सुरुवात केली. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचे, मग पुन्हा उत्तर द्यायचे. याला यंत्र लागत नाही, बोटे वर केली तरी भागते. आमच्याकडे याचा एक वेगळाच फायदा होतो. शेजाऱ्याला पटवताना मुले मराठीत बोलतात. इंग्रजी व्याख्या आणि मराठी समज यांची गाठ तिथे पडते. माझ्या बाकावर ती कधी पडली नाही.

साताऱ्याजवळच्या एका महाविद्यालयात हे करून पाहणारा एक तरुण मला भेटला. तो तासिका तत्त्वावर आहे. बढतीची शिडी त्याच्यापुढे नाही, त्यामुळे रिफ्रेशरची सक्ती नाही. आणि गेलाच तर तेवढे तास बुडतात, पैसेही बुडतात. प्रश्न तयार करायला त्याला रात्रीचे दोन तास लागतात, ते कोणत्याच बिलात बसत नाहीत. मी त्याच्या वर्गात मागे बसलो. परवानगी मागितली तेव्हा तो म्हणाला, ''काका, बसा की. आजवर कोणी बसलंच नाही.'' तास संपल्यावर त्याने पहिला प्रश्न मला विचारला, तो मुलांचा नव्हता, स्वतःचा होता: दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर लवकर सांगून टाकलं का? मी हो म्हणालो. त्याने वहीत काहीतरी लिहिले आणि मोटारसायकल काढली. अकरा वाजता त्याचा दुसऱ्या महाविद्यालयात तास होता.