निवृत्त मातापित्यांचा पहिला संगणक

नोकरीतून निवृत्त झालेल्या आईवडिलांना संगणक घेऊन द्यावयाचे घरात ठरले, की पहिली चर्चा होते ती बहुधा यंत्राच्या वेगाची आणि किमतीची. मुले दुकानात जातात, विक्रेता प्रोसेसरची महती सांगतो, आणि ज्यांच्यासाठी ही खरेदी व्हावयाची ती उभयता मात्र घरीच असतात. वस्तुतः पत्र लिहिणे, वृत्तपत्र वाचणे, बँकेचे खाते पाहणे आणि परगावच्या नातवंडांशी बोलणे या कामांना फार सामर्थ्यवान यंत्र लागत नाही. आठ गिगाबाइट रॅम आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी एवढे असले म्हणजे पुरे. खरा प्रश्न निराळाच आहे. साठी उलटलेल्या डोळ्यांना, कानांना आणि हातांना हे यंत्र कितपत मानवेल?

प्रथम डोळ्यांचा विचार करू. आपल्या डोळ्यातील भिंग लवचीक असते. जवळची वस्तू पाहताना ते अधिक फुगीर होते. वयाबरोबर ते ताठर होत जाते आणि मग माणसास ‘चाळिशी’ लागते. साठीनंतर ही लवचिकता जवळजवळ नाहीशी होते व प्रत्येक अंतरासाठी चष्म्यावरच भिस्त ठेवावी लागते. ज्याची दूरची दृष्टी निर्दोष आहे अशा वृद्धाचा वाचनाचा चष्मा अडीच डायॉप्टरचा असेल, तर त्यातून ४० सेंटिमीटरवरील पुस्तक स्वच्छ दिसते. परंतु मेजावरील पडदा साधारणतः ६५ सेंटिमीटरवर असतो, आणि त्या अंतरास सुमारे दीड डायॉप्टर पुरतो. म्हणजे पोथीचा चष्मा पडद्यास चालत नाही, आणि रस्त्यात वापरावयाचाही चालत नाही. दुहेरी भिंगाचा चष्मा असल्यास खालच्या भागातून पाहण्यासाठी मान मागे टाकावी लागते. तासाभरात ती दुखू लागते आणि दोष संगणकाच्या माथी येतो. यासाठी पडद्याचे अंतर मोजून नेत्रतज्ज्ञास सांगावे आणि त्या अंतराचा स्वतंत्र चष्मा करून घ्यावा. पुष्कळदा हा खर्च महागड्या प्रोसेसरपेक्षा अधिक सार्थकी लागतो.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. वाढत्या वयात बाहुली आकुंचित राहते व भिंग पिवळसर होते. त्यामुळे विशीतील तरुणाच्या तुलनेत साठीतील माणसाच्या दृष्टिपटलावर सुमारे एकतृतीयांश प्रकाश पोहोचतो. म्हणून पडदा उजळ व अक्षरे ठळक हवीत. परंतु पडद्यामागे उघडी खिडकी नसावी, कारण तिचा झगझगाट जुन्या भिंगात विखुरतो आणि अक्षरे धूसर होतात. १४ इंची लॅपटॉप आणि २४ इंची मॉनिटर या दोहोंवर बिंदूंची संख्या पुष्कळदा सारखीच असते. अक्षरमान तेच ठेवल्यास मोठ्या पडद्यावर प्रत्येक अक्षर सुमारे पावणेदोन पट मोठे दिसते. एका जागी बसूनच काम करावयाचे असेल तर मोठा पडदा व सुटा कळफलक हेच श्रेयस्कर होय. वीज वारंवार जात असेल तेथे यूपीएसची जोड द्यावी, किंवा लॅपटॉप घेऊन त्यास मोठा मॉनिटर जोडावा.

हातास थोडा कंप असला तर लॅपटॉपचा टचपॅड छळतो. सुटा माऊस बरा. त्यातही दोनदा झटपट टिचकी मारणे अनेकांना जमत नाही. दोन टिचक्यांमधील अवकाश वाढविण्याची सोय संगणकातच असते, पण ती करून देण्याचे कोणाच्या ध्यानात राहत नाही. कानांपुरते एवढेच, की वयाबरोबर उच्च स्वर आधी हरपतात. ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने निसटतात. लॅपटॉपच्या बारीक आवाजावर विसंबू नये.

लिपीचा प्रश्न सहसा शेवटी आठवतो. १९८६ साली प्रमाणित झालेल्या इन्स्क्रिप्ट कळरचनेत स्वर डाव्या हातास व व्यंजने उजव्या हातास येतात, आणि ‘क’ची कळ देवनागरी, गुजराती, तेलुगू या सर्व लिप्यांत एकच असते. बडोद्यास किंवा हैदराबादेस आयुष्य घालविलेल्या मराठी माणसास एकदा शिकलेली रचना दोन्ही भाषांत उपयोगी पडते. कार्यालयात मराठी टंकलेखन केलेल्यांना त्यांच्या बोटांत बसलेली जुनी रचना देणारी सॉफ्टवेअरेही मिळतात.

मुलाने स्वतःस नवा लॅपटॉप घेऊन जुना आईवडिलांस देणे हा घरोघरचा प्रघात आहे. त्यात एक धोका असा की विंडोज १० या प्रणालीस मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ स्वीकारीत नाहीत. ज्या यंत्रावरून निवृत्तिवेतनाचे खाते उघडले जाणार, त्यास सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसणे ही काटकसर नव्हे.

केवळ हयातीच्या दाखल्यासाठी मात्र संगणक घेऊ नये. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’साठी संगणकास ठसे किंवा बुबुळ टिपणारे उपकरण जोडावे लागते, आणि वृद्धांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय मोबाईलवर झाली आहे.

यंत्र घरी आल्यावर त्यावर दोन खाती करावीत. नित्य वापराचे खाते साधे असावे, म्हणजे नकळत एखादे सॉफ्टवेअर बसविले जाण्याचा संभव कमी होतो. प्रशासकाच्या खात्याचा सांकेतिक शब्द मुलांनी आपल्याजवळच दडवून ठेवणे मात्र योग्य नव्हे; यंत्र आईवडिलांचे आहे, तो त्यांनाही ठाऊक हवा. परगावी असलेली मुलगी ज्या सॉफ्टवेअरने दुरून पडदा पाहून अडचण सोडविते, त्याच सॉफ्टवेअरने बँकेचा अधिकारी म्हणविणारा भामटा खाते रिकामे करतो. म्हणून ते केवळ आपण स्वतः मुलीस दूरध्वनी केल्यावरच उघडावे, आलेल्या दूरध्वनीवरून कदापि नव्हे. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. पडद्यावर गणवेशधारी मनुष्य दिसला तरीही दूरध्वनी बंद करण्यास हरकत नाही. पैसे गेलेच, तर ते काही वेळातच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरविले जातात, आणि वाटेतच अडविता आले तरच परत मिळण्याची आशा असते. १९३० हा तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक ठळक अक्षरांत लिहून पडद्याच्या कडेस चिकटवावा, आणि मुलांचा सल्ला घेण्याआधी तो फिरवावा.